मोटारीच्या धक्क्याचा मानपान

वस्तूची किंमत ठरवता येते, माणसाची येत नाही, असे थोर लोक सांगत आले आहेत. थोर लोकांना काळेवाडी ठाऊक नव्हती. सन १९५५ च्या उन्हाळ्यात काळेवाडीच्या एका घराने गावातल्या आणि सोयऱ्याधायऱ्यांतल्या दोनशे सतरा माणसांची किंमत नऊ दिवसांत ठरवली, तीही लेखी, आणि या कामी साहाय्य करण्याचा मान मला मिळाला. मी त्या वेळी 'दि पवना मोटार अँड फायर इन्शुरन्स' या कंपनीचा चिंचवडचा एजंट होतो. माझ्याकडे कंपनीची चामडी बॅग होती, स्वतःची सायकल होती, आणि गिऱ्हाईक अजून यायचे होते.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे काळेवाडीचे उद्धवराव. त्यांची नदीपलीकडची जमीन एका नव्या कारखान्याच्या कुंपणात गेली आणि आलेल्या पैशांतून त्यांनी खडकीच्या एका निवृत्त साहेबाकडून हिरव्या रंगाची जुनी मोटार घेतली. हौस म्हणून नव्हे. त्यांचा मुलगा ज्योतीराम याच कारखान्यात शिफ्टवर जात असे. चाकणच्या बाजारात त्याने महाळुंग्याच्या यशवंतरावांची मुलगी इंद्रायणी पाहिली, आणि त्यानंतर पंधरा दिवस त्याने जेवणात मीठ आहे की नाही हे सांगितले नाही. यशवंतरावांनी स्थळ मान्य केले, पण एक अट घातली. नवरदेव मोटारीतून आला पाहिजे. मोटार आली नाही तर मोशीचे दुसरे एक स्थळ तयार होते (त्यांच्याकडे ट्रक होता).

मोटार असून भागत नाही, तिचा विमा लागतो. विम्याचा दाखला नसलेली मोटार भोसरीच्या नाक्यावर पोलीस अडवतो, आणि भोसरी ओलांडल्याशिवाय महाळुंगे येत नाही. लग्नाला दहा दिवस राहिले असताना उद्धवरावांनी मला निरोप धाडला. मी बॅग घेऊन गेलो. ज्योतीराम दारातच उभा होता. त्याने माझी सायकल स्वतः धुतली, तेव्हाच प्रकरणाचे गांभीर्य माझ्या ध्यानात आले.

नियमाप्रमाणे मी प्रथम स्थानिक परिस्थितीची पाहणी केली. तिचा गोषवारा असा: गावची लोकसंख्या चारशे बारा. मोटारी एक. मोटारीमुळे आजवर झालेले अपघात शून्य (मोटार सुरू होत नव्हती). मोटार सुरू होईल या भीतीने झालेले अपघात तीन, पैकी दोन म्हशींचे. ड्रायव्हर कोंडाजी, वय चोपन्न, लढाईत लष्कराची लॉरी चालवलेला, त्याआधी आणि त्यानंतर बैलगाडी. लायसन आहे. ब्रेक तीनदा दाबला की चौथ्यांदा लागतो. ब्रेक लागेपर्यंत कोंडाजी तोंडाने "हो, हो रं" असे म्हणतो आणि त्याच्या मते निम्मे काम त्यानेच होते.

मग मी ओसरीवर बसून विम्याचे प्रकार समजावले. पहिला, कायद्याने सक्तीचा: मोटारीने कोणा माणसाला इजा केली तर त्याची भरपाई. दुसरा, स्वतःच्या मोटारीचा. तिसरा, सक्तीच्या वर हवा असेल तेवढा जादा विमा. मी प्रामाणिकपणे हेही सांगितले की सक्तीचा घेतला की पोलीस गप्प बसतो आणि कामापुरते तेवढे पुरे आहे. प्रामाणिकपणाचे परिणाम माणसाला नेहमीच भोगावे लागतात.

"सक्तीचा म्हंजी?" उद्धवरावांनी विचारले. "समद्यांना सारकाच?"

"हो. कोणीही असो."

"म्हंजी माजा जावई मोटारीखाली आला काय आन् वाटंवरचा कोन येरागबाळा आला काय, एकच?"

"कायद्याच्या दृष्टीने एकच."

उद्धवराव थोडा वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला खरोखरचे दुःख दिसले.

"रंगराव," ते म्हणाले, "जावयाला आमी दिवाळीला चांदीच्या ताटात वाढतो. त्येला मोटारीत कायद्याच्या हिशोबानं कसं मोडावं?"

स्वतःच्या मोटारीचा विमा त्यांनी नाकारला. "तिला काय व्हतंय? लोखंड हाय." (मोटारीची किंमत मला सांगताना तीन हजार होती, यशवंतरावांना सांगताना नऊ, आणि तलाठ्याला सांगताना ती बक्षीस मिळालेली होती. तेव्हा हा रकाना कोरा राहिला ते बरेच झाले.) उरला जादा विमा. तो किती रकमेचा घ्यायचा, हा प्रश्न माझ्या व्यवसायात सर्वांत अवघड समजला जातो. पुण्याच्या हेड ऑफिसात त्यावर छापील कोष्टके आहेत. काळेवाडीत त्यावर यशोदाबाई होत्या.

यशोदाबाई म्हणजे उद्धवरावांच्या मंडळी. पंचक्रोशीतल्या गेल्या तीस वर्षांच्या सगळ्या लग्नांत कोणी कोणाला काय आहेर केला हे त्यांना तोंडपाठ होते. रंग, वाण, दुकान, आणि धुतल्यावर किती आटले, सगळे. त्या दाराआडून ऐकत होत्या. आता त्या बाहेर आल्या आणि एका वाक्यात त्यांनी विमाशास्त्राचा पाया घातला.

"त्येला एवढं काय डोकं लावायचं? लग्नात ज्येला जे, मोटारीत त्येला ते."

मला आधी कळले नाही. त्यांनी मुलाला शिकवावे तसे मला शिकवले. प्रत्येक माणसाचा मान आधीच ठरलेला आहे. कोणाला जरीचे पागोटे, कोणाला साधे, कोणाला टोपी, कोणाला नुसता नारळ. मोटार ही काही माणसाचा मान बदलायला आलेली नाही. तेव्हा ज्याला टोपीचा मान त्याने टोपीइतकाच अपघात मागावा. मी अनेक व्याख्याने ऐकली आहेत, पण विषय इतका स्वच्छ मांडलेला पुन्हा कुठे ऐकला नाही. मी बॅगेतून कागद काढला आणि त्या सांगतील तसे लिहून घेतले. ती यादी मी इथे देतो.

पहिला वर्ग, जरीचे पागोटे. जावई, व्याही, सख्खे मामा. पाय मोडल्यास पाचशे रुपये. खरचटल्यास पन्नास. नुसते दचकल्यास पाच रुपये आणि चहा, साखर चढती.

दुसरा वर्ग, साधे पागोटे. मेव्हणे, चुलते, पाटील. पाय मोडल्यास अडीचशे. दचकल्यास चहा.

तिसरा वर्ग, टोपी. चुलत भाऊबंद आणि जाण्यायेण्यातले गावकरी. पाय मोडल्यास साठ. दचकल्यास पाणी.

चौथा वर्ग, नारळ. परगावचे पाहुणे, फेरीवाले, रस्त्याने जाणारे. पाय मोडल्यास अकरा रुपये आणि घरची हळद. दचकल्यास ज्याचे त्याने बघावे.

बायकांना पुरुषांचेच वर्ग लागू, पागोट्याच्या जागी लुगडे आणि टोपीच्या जागी खण वाचावा.

गाभण म्हैस, तीनशे. (हे कलम उद्धवरावांच्या आग्रहाने घातले.)

आता एकूण विमा किती? मी सुचवले की एका वेळी फार तर दोन माणसे मोटारीखाली येतील, तेवढ्यांचा घ्यावा. उद्धवरावांनी मला विचारले, कोणती दोन? वरातीत सगळेच मोटारीभोवती असणार. दोघांचाच विमा काढला आणि तिसरा आला, तर तो जन्मभर म्हणेल की मला धरलेच नव्हते. तेव्हा दोनशे सतरा माणसे एकाच वेळी मोटारीखाली येतील असे गृहीत धरून बेरीज करण्यात आली. ती सव्वीस हजार चारशे झाली. माझ्या बॅगेत एवढ्या रकमेचा फॉर्मच नव्हता, म्हणून मी दोन फॉर्म एकमेकांना टाचले.

इथे प्रकरण मिटायला हवे होते. पण आमच्या कंपनीच्या नियमावलीत एक कलम आहे, की यादीतली नावे समक्ष पडताळून घ्यावीत. मी कर्तव्यदक्ष माणूस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळासमोरच्या पारावर उभा राहिलो आणि यादी मोठ्याने वाचली, नाव, वर्ग आणि आकड्यासह. ज्योतीराम मागून माझा सदरा ओढत होता. मला वाटले, त्याला उत्साह आवरत नाही.

वाचन संपल्यावर जो तो आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू लागला. मग भिमाजी उठला. भिमाजी म्हणजे उद्धवरावांचा चुलतभाऊ, वर्ग तिसरा.

"टोपी," भिमाजी म्हणाला. "म्या मोटारीखाली टोपी घिऊन मरू व्हय?"

"भिमाजीराव, पाय मोडल्याचे साठ रुपये आहेत. मरणाचा दर वेगळा..." मी खुलासा करू लागलो.

"आन् म्हशीला तीनशे! उद्धवदादा, म्हस काय तुमची चुलती लागती का?"

"भिमाजी, तुज्या पोरीच्या लग्नात तू मला काय घातलं व्हतंस?" उद्धवराव शांतपणे म्हणाले. "सांगू का समद्यांम्होरं? टोपी. तीबी घट्ट."

यावर भिमाजी उत्तर देऊ शकला नाही, म्हणून तो रुसला. आमच्याकडे लग्नात रुसणे हा हक्क आहे आणि तो बजावताना वेळ पाहिली जात नाही. त्याने जाहीर केले की आपला आकडा वाढल्याशिवाय आपण लग्नाला येणार नाही. त्याच्यामागे टोपी वर्गातले एकशे बारा जण उठले. आता काळेवाडीहून नवरदेव निघाला आणि भाऊबंद घरी बसले, तर महाळुंग्यात त्याचा एकच अर्थ निघतो. यशवंतरावांनी मोशीच्या ट्रकवाल्यांना अजून नकार कळवला नव्हता.

ज्योतीरामने माझ्याकडे पाहिले. त्याची नजर आजही आठवली की मला वाईट वाटते. मी त्याला धीर दिला आणि म्हणालो की कंपनीच्या दृष्टीने रक्कम कितीही वाढवता येते.

पुढचे सात दिवस रक्कम वाढत होती. प्रथम भिमाजीला साधे पागोटे देण्यात आले, म्हणजे अर्थात मोटारीखाली आल्यास. मग टोपीवाले सगळेच पागोट्यात आले. त्यावर मूळचे साधे पागोटेवाले रुसले, कारण ते आता भिमाजीच्या बरोबरीचे झाले होते. त्यांना जरीच्या वर्गात घेतले. तेव्हा थोरले जावई सयाजीराव पिंपळे गुरवहून खास आले, चांदीच्या ताटात जेवले, हात धुतले आणि म्हणाले की आपण आता लग्नाला येऊ असे वाटत नाही. त्यांच्यासाठी नवा वर्ग काढावा लागला, जरीचे पागोटे आणि शालजोडी, पाय मोडल्यास हजार. सयाजीरावांनी विचारले, दोन्ही पाय मोडले तर? त्याचीही सोय केली. पाटलांनी दचकण्याचे पाच रुपये आगाऊ मागितले, कारण ते दचकून चुकले होते.

एक गोष्ट मला नमूद केली पाहिजे. या सात दिवसांत गावातल्या कोणीही अपघात होऊ नये अशी इच्छा व्यक्त केली नाही. माणसे एकमेकांना पारावर भेटत, पायांकडे पाहत, आणि हिशोबी चेहऱ्याने पुढे जात. सहाव्या दिवशी कोंडाजीने मोटार पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आठ जण पळून जाण्याऐवजी जवळ आले. (नऊ दिवसांत मी उद्धवरावांकडे सहा वेळा मटण खाल्ले, हे मी कंपनीला पाठवलेल्या अहवालात 'स्थानिक चौकशी' या सदराखाली लिहिले आहे.)

चौथ्या वर्गाने मात्र काहीच तक्रार केली नाही, कारण त्यातले कोणी तिथे नव्हतेच. ते आपापल्या गावी होते आणि आपण अकरा रुपये आणि हळद आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. लग्नाच्या आदल्या दिवशी मी यशोदाबाईंना शेवटची शंका विचारली. यशवंतरावांना कुठे घालायचे?

"व्याही लगीन लागल्यावर," यशोदाबाई म्हणाल्या. "अक्षता पडंस्तवर कसला व्याही? तवर परगावचा पाव्हना. नारळ."

"पण उद्याच तर लग्न आहे."

"मंग उंद्या वर घाला."

शास्त्रशुद्ध होते. मी तसेच लिहिले. अंतिम बेरीज एकसष्ट हजार झाली. हप्ता ऐकून उद्धवरावांनी आधी मोटारीकडे पाहिले, मग म्हशीकडे, आणि मग कंबरेची पिशवी सोडली. मी तात्पुरता दाखला लिहून दिला, यादी त्याला टाचली आणि अंतिम मंजुरीसाठी कागद आणि यादीची नक्कल पुण्याला धाडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी बैलगाड्या पुढे गेल्या आणि मागून मोटार निघाली. आत नवरदेव, उद्धवराव, यशोदाबाई, सयाजीराव, मी आणि आणखी सात जण. भोसरीच्या नाक्यावर पोलिसाने अपेक्षेप्रमाणे अडवले. मी दाखला दिला. त्याने दाखला पाहिला, यादी वाचली, पुन्हा वाचली.

"ह्यात पोलीस कुठाय?" त्याने विचारले.

पोलीस राहूनच गेला होता. उद्धवरावांनी तिथल्या तिथे त्याला साध्या पागोट्यात घातले आणि त्याने आम्हांला सलाम ठोकून सोडले. ज्योतीराम पहिल्यांदा हसला. मोशी गेली, नदी गेली, चाकण गेले. साडेअकराच्या सुमारास महाळुंग्याची शीव दिसली.

शिवेवर नवरदेवाला ओवाळून गावात घ्यायची रीत आहे. यशवंतराव त्यासाठी नवे धोतर नेसून, हातात पूजेचे ताट घेऊन, रस्त्याच्या बरोबर मध्ये उभे होते. मागे वाजंत्री, बायका, सगळे महाळुंगे. कोंडाजीने ब्रेक दाबला. एकदा, दोनदा.

"हो, हो रं," कोंडाजी म्हणाला.

मोटार बैलाच्या चालीने गेली आणि तिने यशवंतरावांना पोटाशी हळूच ढकलले. ताट उडाले. यशवंतराव दोन पावले मागे सरकले आणि रस्त्याच्या कडेला रचलेल्या कडब्यात पाठीवर जाऊन पडले. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. वाजंत्री थांबली.

मी पहिला उतरलो. व्यवसायच तो. यशवंतरावांच्या अंगावर ओरखडादेखील नव्हता. कुंकू तेवढे कपाळावर पसरले होते. ते उठायला लागले, तेवढ्यात आधीच येऊन पोचलेला भिमाजी बैलगाडीतून उतरून पुढे आला.

"व्याही, उटू नगा!" तो ओरडला. "तुमचा इमा हाय!"

यशवंतराव पुन्हा आडवे झाले. "किती?" त्यांनी विचारले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कागद उघडला, गळा साफ केला आणि नियमाप्रमाणे वाचले. वर्ग चौथा, नारळ. पाय मोडल्यास अकरा रुपये आणि घरची हळद.

महाळुंग्याच्या बाजूने जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. यशवंतराव कडब्यात पडल्या पडल्या लालबुंद झाले. शंभर माणसांदेखत, स्वतःच्या शिवेवर, मुलीच्या लग्नात, नारळ. मोटारीत ज्योतीरामने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याच्या मुंडावळ्या थरथरत होत्या, आणि तो मुलगा रडतो आहे हे पाहून मलाही गलबलून आले.

"मोशीला मानूस धाडा," यशवंतराव म्हणाले. "सांगावं, मुहूर्त तोच हाय, ट्रक घिऊन या."

उद्धवरावांनी पागोटे काढून हातात घेतले. यशोदाबाईंना प्रथमच काही सुचेना. मी पुन्हा कागदात पाहिले, कारण कागदात सगळ्याची उत्तरे असतात, आणि मला कलम सापडले.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "अक्षता पडल्यावर आपण आपोआप पहिल्या वर्गात जाता. जरीचे पागोटे, पाय मोडल्यास पाचशे रुपये."

"पन धक्का तर आदीच लागला," भिमाजी म्हणाला. त्याची बुद्धी विमा व्यवसायात वाया गेली नसती.

यशवंतरावांनी आकाशाकडे पाहत विचार केला. मग ते जे बोलले त्याला मी तोड पाहिलेली नाही.

"मानूस पडला कवा ह्येला म्हत्त्व न्हाई," ते म्हणाले. "उटला कवा ते लिवा. म्या पडूनच हाय. आजून माजा अपघात चाललाय."

माझ्या नियमावलीत याविरुद्ध काहीही नव्हते. मी तसे जाहीर केले. पण मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा, मांडव गावात, आणि कन्यादान करणारा बाप शिवेवर कडब्यात. इतक्यात बायकांची गर्दी सारून इंद्रायणी स्वतः पुढे आली. हिरवा शालू, कपाळावर बाशिंग. तिने वडिलांकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले, मोटारीतल्या रडणाऱ्या नवरदेवाकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"आप्पा, तुमी हितंच पडा," ती म्हणाली. "अंतरपाट हिकडं आना रं कुनीतरी."

भटजींनी आडव्या माणसाने कन्यादान करावे का यावर थोडा विचार केला आणि शास्त्रात निषेध नाही असे सांगितले (दक्षिणा आधी ठरलेली होती). अंतरपाट रस्त्यात धरला गेला. एका बाजूला मोटार, एका बाजूला कडबा. यशवंतरावांनी पडल्या जागेवरून मुलीचा हात जावयाच्या हातात दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत गेले आणि भिमाजीने ते उपरण्याने टिपले. मंगलाष्टके झाली. अक्षता पडल्या, बऱ्याचशा यशवंतरावांवर. मग व्याही कडबा झाडत उठले, पहिल्या वर्गात, आणि उद्धवरावांनी त्यांना मिठी मारली. दोन्ही गावे रडली. मी फॉर्म भरला: धक्क्याची वेळ अकरा चाळीस, इजेची वेळ बारा बावीस.

आठ दिवसांनी हेड ऑफिसचे पत्र आले. ते फार कोरडे होते. कंपनी माणसामाणसांत भेद करीत नाही, असे त्यात लिहिले होते. सोबतची यादी कंपनीला लागू करता येत नाही. कोणासही इजा झाल्यास न्यायालय ठरवील ती भरपाई, आणि सदर इसमास इजा झालेली नाही. जादा विम्याचा हप्ता परत पाठवीत आहोत. एजंटाने खुलासा करावा.

मी हे पत्र पारावर वाचले. काळेवाडीचा संताप मी समजू शकतो. ज्याला समद्यांची किंमत सारकीच, त्या कंपनीच्या भरवशावर मोटारीखाली जायचे कोणी, असे उद्धवरावांनी विचारले आणि खुद्द भिमाजीनेही त्यांना दुजोरा दिला. उद्धवरावांनी व्याह्यांचे पाचशे रुपये, पाय शाबूत असूनही, मान म्हणून परत आलेल्या हप्त्यातून दिले, सक्तीचा विमा सक्ती म्हणून ठेवला, आणि कंपनीने माझी एजन्सी काढून घेतली. ज्योतीराम आणि इंद्रायणीचे बरे चालले आहे. मोटार परड्यात उभी आहे.

यादी मात्र राहिली. तिची मूळ प्रत माझ्याकडे आहे. गेली कित्येक वर्षे मी ही हकीकत शिकल्यासवरल्या लोकांना सांगत आलो आहे. वकील, मास्तर, कारखान्यातले साहेब. सगळे पोट धरून हसतात, गावंढळ लोकांची गंमत म्हणतात, सगळी माणसे सारखीच असे बजावतात. मग निघताना दारात जोड्यात पाय घालता घालता थांबतात, मागे कोणी ऐकत नाही ना ते पाहतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "पण काय हो, मी त्यात साधारण कुठे बसलो असतो?"

तुम्ही विचारले नाहीत, हा तुमचा मोठेपणा. तरी तुमची अडचण ओळखून मी यशोदाबाईंना विचारून तुमचा आकडा काढून ठेवला आहे. तो मी सांगणार नाही. तुमच्या शेजाऱ्यांपेक्षा सात रुपयांनी कमी आहे, एवढेच तुमच्यासाठी पुरे.